विचार करून सांगतो

डॉक्टरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि पेन्सिल उचलली. झालं ते एवढंच. मोठीचा घसा दाखवायला गेलो होतो, घसा ठीक निघाला. निघता निघता बाईंनी तिचं लसीकरणाचं कार्ड मागितलं, मागचं पान उलटलं आणि विचारलं, "हिला फ्लूची कधीच दिली नाही का? हंगाम तोंडावर आलाय, देऊन टाकू या?" बायको सोबत असती तर मी तिच्याकडे बघितलं असतं, पण तिला आठवा महिना चालू होता आणि ती घरी होती. मोठी खुर्चीवर गुडघे टेकून भिंतीवरच्या तक्त्यातली आतडी मोजत होती. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." बाईंनी मान हलवली, आग्रह केला नाही, समजावलं नाही, भुवईसुद्धा उचलली नाही. पेन ठेवलं, पेन्सिल घेतली, 'इन्फ्लुएन्झा' लिहिलेल्या ओळीसमोर पुढच्या महिन्यातली एक तारीख घातली, तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

घरी येईपर्यंत ती पेन्सिल डोक्यातून जाईना. कार्डावर बाकी सगळं निळ्या शाईत होतं. तारीख, सही, शेजारी लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेला इवलासा कागद. पोलिओ, घटसर्प, गोवर, कावीळ, एकही चौकोन रिकामा नव्हता. आणि खाली ही एक करडी, फिकी, बोट फिरवलं तर पुसली जाईल अशी ओळ. बाईंनी माझं पाणी जोखलं आणि शाई वाया घालवायची नाही असं ठरवलं, असं मला वाटत राहिलं. रात्री कार्ड फायलीत ठेवताना त्या प्रश्नचिन्हावर मी खरोखरच बोट फिरवलं. थोडं पसरलं, गेलं नाही.

मी लसविरोधी वगैरे मुळीच नाही. बाकीच्या लसींच्या वेळी मी एकदाही विचार करून सांगतो म्हणालेलो नाही. घटसर्पाने पोर दगावतं, पोलिओने पाय जातो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यात विचार कसला करायचा? फ्लूचं मात्र तसं नाही. फ्लू म्हणजे पडशाचं बढती मिळालेलं नाव. ऑफिसात कुणी दोन शिंका दिल्या की लगेच 'फ्लू झालाय'. ज्या शब्दाने सोमवारची रजा मिळते, त्या शब्दाला कोण घाबरणार? शिवाय ही लस दरवर्षी घ्यायची. बाकीच्यांचं एक बरं असतं, कोर्स संपतो, चौकोन भरतो, विषय मिटतो. ही दरवर्षी दारात उभी. आणि सगळ्यात मोठी गंमत तिच्या ऐच्छिकपणाची. काही देशांत ती सरकारी वेळापत्रकात असते, काही ठिकाणी पालकांवर सोडलेली. पालकांवर सोडली की पालक म्हणतो, खरंच गरजेची असती तर यांनी माझ्यावर सोडली असती का? म्हणजे निवड करायला दिली म्हणूनच तिची किंमत कमी.

गंमत अशी की बायकोने स्वतः ती लस महिन्याभरापूर्वीच घेतली होती. गरोदरपणात फ्लू बाधतो आणि आईने घेतली की बाळालाही पहिले काही महिने तिचं कवच मिळतं, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिने बाही वर केली, घेतली आणि संध्याकाळी बोलता बोलता सहज सांगितलं. मीही सहज ऐकलं. तिच्या दंडासाठी मला एक मिनिट विचार करावा लागला नव्हता.

आणि मग तो ताप आला.

बाळ दोन महिन्यांचं होतं. मोठी दुपारी खुर्च्या एकामागे एक लावून गाडी गाडी खेळत होती. साडेपाचच्या सुमाराला येऊन माझ्या मांडीवर आडवी झाली आणि म्हणाली, "बाबा, माझे केस दुखतात." केस कसे दुखतील गं, म्हणत मी कपाळावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. १०३.४. खरा फ्लू असा येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पडसं पायरी पायरीने चढतं, आधी नाक, मग घसा, मग कणकण. हा भिंत कोसळावी तसा आला. दुपारी उड्या मारणारं पोर रात्री आठला डोळे उघडायला तयार नाही. बायको बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लागलं आणि घराचे दोन भाग झाले. बाहेर मी, मोठी, थर्मामीटर आणि सिरपची मापं लिहिलेली पिचकारी. तापाला एक वास असतो, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा, तो तिच्या मानेला येत होता. श्वास माझ्या गळ्यावर वाफेसारखा लागत होता. दर तासाभराने दाराआडून बायको विचारायची, "किती आहे?" आणि मी अर्धा अंश कमी करून सांगायचो. तिलाही ते कळत असणार, कारण मी सांगितल्यावर पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नाकातला नमुना तपासायला घेतला. फ्लू, बी प्रकारचा. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी खिडक्या उघडल्या, चादरी धुतल्या, माणसात आल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी मोठी पलंगावरून उतरायला गेली आणि पाय जमिनीला लागताच किंचाळली. परत उभी केली तर चवड्यांवर चालायला लागली, टाचा खाली टेकवेचना, भिंतीला धरून, एखाद्या म्हातारीसारखी. पोटऱ्यांना हात लावू देईना. त्या क्षणी माझ्या डोक्यात कार्डावरचा पोलिओचा चौकोन आला आणि माझेच पाय गेले. तिला खांद्यावर टाकून मी दवाखान्यात पोचलो तेव्हा शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली होती. बाईंनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, अंगठे दाबायला लावले, लघवीचा रंग गडद झालाय का विचारलं, आणि म्हणाल्या, "स्नायूंना सूज आलीय. फ्लू ओसरताना मुलांमध्ये होतं असं, या बी प्रकारात जास्त. तीन-चार दिवसांत आपोआप जाईल. लघवी लालसर-काळपट दिसली तर मात्र लगेच या." तसंच झालं, गेलं आपोआप. पण ते तीन दिवस मी साडेतीन वर्षांच्या मुलीला पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरापासून पलंगापर्यंत उचलून नेत होतो. ती माझ्या मानेत हात घालून विचारायची, "बाबा, माझे पाय परत येणार ना?"

बाळाला झाला नाही. बंद दारामुळे की आईच्या लसीमुळे की नुसत्याच नशिबाने, कुणी सांगावं? सहा महिन्यांच्या आत बाळाला ही लस देतच नाहीत. तोपर्यंत त्याच्याभोवतीची माणसं हेच त्याचं कवच, आणि त्या कवचाला नेमकं माझ्या बाजूने भोक होतं. मोठीला लस दिली असती तर हे टळलं असतं का? खात्रीने नाही सांगता येत. पण कुणी काही बोललं नाही. बाई बोलल्या नाहीत, बायको बोलली नाही. आईसुद्धा नाही, जी एरवी थर्मामीटर कुठल्या खणात ठेवला यावरही बोलते. कुणीतरी एकदा फाडकन म्हणायला हवं होतं, म्हणजे मला चिडता तरी आलं असतं.

आता बाळ दहा महिन्यांचं झालंय आणि पुन्हा हंगाम तोंडावर आला. या वेळी प्रश्न दुप्पट. तुम्ही म्हणाल, एवढं सगळं भोगल्यावर विचार कसला? मलाही तसंच वाटलं होतं. पण हंगाम जवळ आला तसा मी पुन्हा रात्री फोन घेऊन बसायला लागलो. माणूस अनुभवाने शहाणा होतो म्हणतात. मी अनुभवाने जास्त वाचायला लागलो.

वाचताना पहिल्यांदा भेटला तो फेरेट. मुंगसाच्या अंगलटीचा एक लांबुडका प्राणी. १९१८ च्या साथीत जगभर काही कोटी माणसं मेली, तेव्हा हा आजार कशाने होतो हेच धड माहीत नव्हतं. एका जिवाणूवर आळ घेतला होता आणि तो चुकीचा होता. १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूच्या रोग्यांच्या घशातलं पाणी गाळून फेरेटांच्या नाकात घातलं आणि फेरेट शिंकायला लागले. तेव्हा कुठे फ्लूचा विषाणू हाती लागला. पुढे तिथल्याच एका आजारी फेरेटाने संशोधकाच्या तोंडावर शिंक दिली आणि त्याला फ्लू झाला. ही गोष्ट मी मोठीला सांगितली. तिला ती इतकी आवडली की तेव्हापासून घरात कुणीही शिंकलं की ती ओरडते, "फेरेट, रुमाल धर!"

लसीची गोष्ट मात्र इतकी सुरस नाही. हा विषाणू दरवर्षी थोडं थोडं रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं एक जाळं १९५२ पासून जगभरचे नमुने गोळा करत बसलेलं आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, तज्ज्ञ ठरवतात की येत्या हंगामात कोणते फ्लू फिरतील. मग बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, त्यात महिने जातात, आणि तोवर विषाणू काय तुमच्यासाठी थांबून राहत नाही. अंदाज जुळला तर फ्लूमुळे डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी येते. २०१४-१५ च्या हंगामात अमेरिकेत फ्लूच्या एच३एन२ नावाच्या प्रकाराने ऐनवेळी कूस बदलली आणि तो आकडा १९ टक्क्यांवर आला. हे वाचून मी जवळजवळ खूश झालो होतो, खोटं कशाला सांगू. शंभरात एकोणीस! नापास! बघा, मी उगाच विचार करत नव्हतो. मग लक्षात आलं की मी लसीची उत्तरपत्रिका तपासतोय आणि दुसरा विद्यार्थी परीक्षेला बसलेलाच नाही. लस न देण्याला किती गुण? त्याची टक्केवारी मी कधी काढलीच नव्हती. २०१८ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालच्या मुलांना फ्लू झाल्याचे सुमारे ११ कोटी प्रसंग आणि फ्लूशी जोडलेले जवळपास ३५,००० मृत्यू, असा एक अंदाज आहे. बहुतेक मुलं आमच्या मोठीसारखी बरी होतात, हेही त्याच आकड्यांतून दिसतं. दोन्ही आकडे खरे, आणि मला रात्री कोणता आठवेल ते माझ्या त्या दिवसाच्या मनावर.

आणखी खाली सरकलो तेव्हा दोन गोष्टी सापडल्या, ज्या वाचून मी फोन पालथा घातला. २०१० साली ऑस्ट्रेलियात एका कंपनीच्या फ्लू लसीनंतर पाच वर्षांखालच्या मुलांना ताप येऊन झटके येण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढलं. एप्रिलमध्ये लहान मुलांचं लसीकरण थांबवलं, आणि ती लस त्या वयाला देणं बंद झालं. त्याच्या आदल्या हंगामात, २००९ च्या साथीसाठी केलेल्या एका विशिष्ट लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना अनावर झोपेचा एक विरळ आजार जडला. बायको म्हणाली, "हे तुला कळलं कारण कुणीतरी मोजत होतं. मोजणारं कुणी नसतं तर सगळं सुरळीतच वाटलं असतं." बरोबर आहे. पण ज्यांच्या पोरांना मोजलं गेलं त्यांचं काय, हा विचार तरी मनातून कसा काढायचा? तो अजूनही निघालेला नाही.

झटक्यांचंच मला जास्त लागलं, त्याला कारण आहे. दोन वर्षांचा असताना मला तापात आकडी आली होती. मला अर्थातच आठवत नाही. पण ती गोष्ट आईने इतक्यांदा सांगितली आहे की मला ती दिसते: डोळे वर गेलेले, ओठ निळे, आणि आई अनवाणी मला कवटाळून धावतेय, एका पायात काच घुसलीय आणि तिला पत्ता नाही. तळपायावरचा तो व्रण मी पाहिलेला आहे. माझ्या भीतीचा मूळ पत्ता तो व्रण आहे, संशोधन वगैरे नाही. शेवटी मी बाईंना फोन करून विचारलंच. त्या म्हणाल्या, "लसीनंतर काही मुलांना बारीक ताप येतो, एक-दोन दिवसांत जातो. क्वचित कुणाला त्या तापात आकडी येते. पण आकडीचीच भीती असेल तर फ्लूचा १०४ चा ताप त्याहून मोठा धोका नाही का? घरात कुणाला होती म्हणून लस टाळत नाही आम्ही." मग एका दमात सूचना दिल्या, आकडी आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर उचलून आणा. मी ते सगळं लिहून घेतलं. पेन्सिलीने नाही.

१९९० साली इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. त्यातला प्रश्न वाचून कुणीतरी खिडकीतून आमच्याच घरात बघत होतं असं मला वाटलं. समजा लहान मुलांमध्ये फ्लूची जीवघेणी साथ आली आहे. लस दिली नाही तर १०,००० मुलांमागे १० दगावतील. लसीने तो फ्लू टळेल, पण लसीमुळेही काही मुलं दगावू शकतात. किती मृत्यूंपर्यंत तुम्ही आपल्या मुलाला लस द्याल? नुसता हिशेब केला तर नवापर्यंत हो म्हणायला हवं. पण पुष्कळ लोक त्याच्या कितीतरी आधी थांबले. काही तर एकाही मृत्यूला तयार नव्हते. मी डोळे मिटून स्वतःला विचारलं आणि उत्तर आलं, दोन. बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं की मी शून्यवाला नाही. ती बाळाचे कपडे घडी करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मधली सात मुलं कुणाची?"

त्या रात्री मला एक उमगलं, आणि ते कुठल्या शोधनिबंधात नव्हतं, आपल्या बोलण्यातच होतं. मराठीत ताप येतो. सर्दी होते. पोर आजारी पडतं. पाय दुखतात, ताप चढतो, उतरतो. या सगळ्या वाक्यांत कुणी काही केलेलं नसतं. 'मोठीला फ्लू झाला', यात मी कुठे आहे? कुठेच नाही. पण 'मी मोठीला लस दिली' म्हटलं की वाक्याच्या तोंडाशीच मी उभा. पुढे जे काही होईल, सुजलेला दंड, ताप, आकडी, ते माझ्या नावावर. न दिल्याने जे होईल ते मात्र नुसतं 'झालं'. भाषाच मला मागच्या दाराने निसटायची सोय करून देते आणि मी आपला नामानिराळा. आणि 'विचार करून सांगतो' हा तर त्या दाराचा कडी-कोयंडा. त्यात विचार करणंही आहे आणि सांगणंही आहे, आणि दोन्ही करावं लागत नाही.

आईला विचारलं तेव्हा मला मनातून वाटत होतं, ती म्हणेल, कशाला पोरांना उगाच टोचता. म्हणजे माझी सुटका. तिच्या पिढीने कुठे घेतल्या होत्या फ्लूच्या लसी? तिला दमा आहे, आणि मुलं बाहेरून जे काही घेऊन येतात ते सगळ्यात शेवटी तिच्या छातीत जाऊन बसतं. म्हणून मी तिला जपानची गोष्ट सांगितली. तिथे १९६२ पासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस द्यायचे, पुढे सक्ती सैल झाली आणि १९९४ मध्ये ते बंद पडलं. २००१ साली एका शोधनिबंधात मांडलं गेलं की मुलांना लस मिळत होती तोवर हिवाळ्यातले म्हाताऱ्या माणसांचे मृत्यू कमी होते, ती थांबल्यावर वाढले. साधारण ४२० मुलांमागे एक जीव, असा हिशेब. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले, पण मुलंच फ्लू घराघरांत पोचवतात यावर फारसा वाद नाही. मला वाटलं आई हेलावेल. ती तर भडकलीच. "म्हणजे माझ्यासाठी टोचणार का त्यांना? मी काय मेले का? माझी मी घेईन की. पोरांना द्यायची तर पोरांसाठी द्या." थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "तुझ्या वेळी असती ना, तर पाय कापला नसता माझा." मी म्हणणार होतो की तो ताप फ्लूचाच होता कशावरून. म्हणालो नाही.

ठरलं असं काही एका क्षणी झालं नाही. बायकोने फोन करून वेळ घेतली आणि मी नको म्हणालो नाही, हे त्यातल्या त्यात खरं वर्णन. पण धरायचं काम माझं होतं, नेहमीप्रमाणे. आमच्याकडे लसीच्या वेळी मूल मी धरतो आणि कार्ड बायको सांभाळते. धरणं म्हणजे काय हे धरणाऱ्यालाच माहीत. एका हाताने दोन्ही मुठी, दुसऱ्याने गुडघा, गाल गालाला टेकवलेला. बाळ त्या क्षणापर्यंत हसत असतं, कारण बाबाने इतकं जवळ घेतलंय. बाईंनी मांडीवर कापूस फिरवला, स्पिरिटचा गार वास आला, सुई गेली. आधी काहीच झालं नाही. एक पूर्ण सेकंद त्याचं तोंड उघडं, आवाज नाही, आणि डोळे सुईकडे नाहीत, माझ्याकडे. मग भोकाड. वीस सेकंदांत ते बाईंच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपला लोंबकळत होतं. तो एक सेकंद माझ्याकडेच राहिला.

मोठीने, आता सव्वाचार वर्षांच्या, बाही स्वतः वर केली. नाकात फवारायचीही एक लस असते हे मी तिला आधी सांगून चुकलो होतो. ती बाईंकडे नव्हती, म्हणून तिची थोडी निराशा झाली होती. "फेरेटलासुद्धा टोचतात?" तिने विचारलं. बाई गोंधळल्या. मी म्हटलं, मोठी गोष्ट आहे, नंतर सांगतो. सुई गेली तेव्हा तिने माझं बोट इतकं दाबलं की अंगठीचा वळ उठला. रडली नाही. बाहेर आल्यावर मात्र दंडावरची पट्टी बघून रडली, कारण तिच्यावर चित्र नव्हतं.

त्या रात्री मी जागा होतो. लिहून घेतलेला कागद उशाला, थर्मामीटर हातात. बाळ ९९.८ वर गेलं, पहाटेपर्यंत उतरलं. मोठीचा दंड दुखत होता, त्या कुशीवर झोपू देत नव्हता. बस, एवढंच. कुठेतरी मला थोडं फसल्यासारखं वाटलं, इतके महिने भ्यायलो ते याला? बारा दिवसांनी मोठीचं नाक गळायला लागलं आणि मी उसळलोच, "घ्या! लस देऊन हे!" बायकोने नुसतं बघितलं. ते साधं पडसं होतं, पायरी पायरीने चढलेलं, आणि ती त्या नाकासकट दिवसभर खुर्च्यांची गाडी चालवत होती. फ्लूची लस सर्दीवर नसते हे मला माहीत होतं. पण आपल्या हाताने काही केलं की माणूस पावती मागायला लागतो.

पहिल्यांदाच घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलांना निदान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी बायको बाळाचा लंगोट बदलायला बाहेर गेली होती, त्यामुळे कार्डं माझ्या हातात होती. बाईंनी मोठीच्या कार्डावर दुसऱ्या डोसची नोंद शाईने केली, सही केली. मग पेन ठेवलं, पेन्सिल उचलली आणि खालच्या ओळीवर पुढच्या वर्षीची तारीख टाकली. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अजूनही पेन्सिलच?"

त्यांना कळेना. मी गेल्या वर्षीची ती ओळ दाखवली. त्या हसल्या. "अहो, पुढच्या तारखा मी सगळ्यांच्याच पेन्सिलीने लिहिते. त्या दिवशी मुलाला ताप असेल, तुम्ही गावाला गेलेले असाल. दिल्यावर त्याच्यावर शाई फिरवते."

मी पानं उलटली. गोवर, पोलिओ, घटसर्प. उजेडाकडे तिरपं धरल्यावर प्रत्येक निळ्या तारखेखाली एक करडी तारीख दिसत होती. काही जुळणाऱ्या, काही चार-आठ दिवस मागे-पुढे. इतकी वर्षं माझे हात मुलांना धरण्यात गुंतलेले, कार्ड मी कधी बघितलंच नव्हतं.

"पण ते प्रश्नचिन्ह?" मी विचारलं.

"ते तुमचं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाला होतात ना, विचार करून सांगतो." आणि खणातून खोडरबर काढून त्यांनी मोठीच्या हातात दिलं. ती खुर्चीवर गुडघे टेकून, जीभ बाहेर काढून ते खोडत बसली. कागद जरा फाटला.